गोळी कशाला चिकटते

प्रयोगशाळेत त्याला सगळे शेकोटी म्हणत. जन्माचं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथून उतरून ते कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. शेकोटी म्हणायचं कारण त्याचं काम. तो पेशी वाढवायचा, त्यांना वेळच्या वेळी खाऊपिऊ घालायचा, तळहातावरच्या फोडासारखं जपायचा, आणि त्या अंगानं भरल्या की बारीक नळ्यांत वाटून तापवायचा. पहिली नळी माणसाच्या अंगाइतकी कोमट, दुसरी जराशी जास्त, तिसरी त्याहून जास्त. शेवटच्या नळीपर्यंत पोचताना जिवंत म्हणावं असं काही उरत नसे.

"पोसायचं तुम्ही आणि भाजायचंही तुम्हीच," रसायनाच्या टेबलावरच्या मॅडम म्हणायच्या. "कसायाला निदान मटण तरी मिळतं."

"मला पगार मिळतो," तो म्हणायचा आणि नळ्यांची टोपणं लावत राहायचा.

इथे येण्याआधी तो दूध-केंद्रावर होता. तिथेही काम जवळपास हेच: दूध तापवून बघायचं, फाटतंय का. त्यामुळे नव्या माणसाला तो सगळं दुधावरूनच समजावायचा. पेशीतली प्रथिनं म्हणजे नीट घडी घातलेले कपडे. ऊब वाढली की घडी विस्कटते, सगळ्याचा गोळा होतो आणि गोळा तळाशी बसतो. पण एखाद्याच्या घडीत औषधाचा कण जाऊन बसला असेल तर ती घडी तग धरते. शेजारीपाजारी फाटले तरी ते प्रथिन थोडा वेळ अंग राखून असतं. कोण उशिरा फाटलं ते शोधायचं. जे उशिरा फाटलं त्याला औषध चिकटलंय. जिवंत पेशीच्या गर्दीत, हजारो प्रथिनांच्या धक्काबुक्कीत, औषध नेमकं कुणाच्या गळ्यात पडलं हे असं बाहेरून हेरायचं.

"चिकटलं का?" हा तिथला रामराम होता. सकाळी आत येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारायचा, आणि बहुतेक सकाळी उत्तर 'नाही' असायचं.

पन्नाशी उलटलेला, बेताच्या उंचीचा, कमी बोलणारा माणूस. लग्न राहून गेलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "जमलं नाही," जणू गणित होतं. घरी ताई होती. आईवडील दोघं लवकर गेल्यावर ताईनंच त्याला शिवणयंत्रावर वाढवलं. दुसऱ्यांचे कपडे आत घ्यायचे, बाहेर सोडायचे, उसवायचे, परत शिवायचे, आणि त्यातून याची फी. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, आणि ती यंत्र घेऊन भावाकडे राहायला आली. की भाऊ तिच्याकडे राहायला गेला, यावर दोघांचं एकमत नव्हतं. भाडं तो भरायचा, पण बाहेरच्या खोलीत यंत्र, कपाटात तिचं कापड, दारावर तिची पाटी, आणि येणारा जाणारा विचारायचा तो "ताई आहेत का?" म्हणून.

चाळिशीनंतर ताईचे हात धरायला लागले. म्हणजे धरलेलं सुटेना. कात्री उचलली की बोटं तिच्यावर मिटायची आणि काम झाल्यावरही मिटलेलीच राहायची. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागे, तर तो दुसराही मिटायचा. सकाळी उठून पाय टाकला की पाय तिथेच. घास चावून जबडा अडकायचा. डॉक्टरांनी स्नायूंच्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि एक गोळी दिली. फिकट पिवळी, जुनी, एकच कंपनी बनवायची ती. घेणारी माणसं थोडी. आठवड्यात ताईची बोटं उघडली. तिनं त्या दिवशी घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं उघडून परत लावली.

गोळी काम करायची. कशी करायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बरीच वर्षं कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. मग घेणाऱ्यांपैकी काहींची यकृतं बिघडू लागली. दोघं गेले. तेव्हा कंपनीला प्रश्न पडला: ही गोळी पेशीत शिरून चिकटते तरी कशाला? गुण जिथून येतो ती जागा आणि अपाय जिथून होतो ती जागा वेगळ्या असतील, तर फक्त गुणाच्या जागी बसणारी नवी गोळी घडवता येईल, आणि ती तयार होईपर्यंत जुनी डॉक्टरांच्या नजरेखाली चालू ठेवता येईल. जागाच सापडली नाही, तर वर्षअखेर जुनी बंद. माणसं मारणारी गोळी अंधारात किती दिवस वाटायची, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

शोधाचं काम शेकोटीच्या प्रयोगशाळेकडे आलं.

त्यानं पहिल्याच दिवशी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की आपली बहीण ही गोळी घेते. सर प्रयोगशाळेचे प्रमुख, सभ्य, सतत चष्मा पुसणारा माणूस.

"मग तुम्हाला या कामातून काढू का?" त्यांनी विचारलं.

"पेशी कोण बघणार?"

"तेही खरं." सरांनी चष्मा पुसला. "असं करा. हात तुमचा असू द्या. मन घरी ठेवून येत जा."

"घरीच तर ताई आहे, सर."

सर हसले, मग हसल्याचं त्यांनाच वाईट वाटलं.

पेशी आल्या त्या कुणा आजारी माणसाच्या दंडातल्या. बशीत वाढून त्यांचे लांबट तंतू झाले. विजेची बारीकशी टिचकी दिली की ते आखडायचे आणि आखडलेलेच राहायचे. पाण्यात गोळीचा अंश सोडला की हळूहळू सैल व्हायचे. शेकोटीला सूक्ष्मदर्शकातून हे रोज दिसायचं. त्या काचेखाली त्याची ताई होती, हजारदा मूठ मिटणारी, हजारदा उघडणारी, आणि कुणाचा हात लागून ती उघडली ते मात्र दिसत नव्हतं.

त्यानं तापवून पाहिलं. गोळी दिलेल्या पेशी, न दिलेल्या पेशी, सगळ्या पायऱ्यांवर. मोठ्या यंत्रानं हजारो प्रथिनांची मोजदाद केली. एकही उशिरा फाटलं नाही. पेशी फोडून त्यांच्या रसात गोळी घालून पाहिली. तिथेही सगळी प्रथिनं ठरल्या वेळी, आज्ञाधारकपणे फाटली.

"काही प्रथिनं पेशीच्या आवरणात रुतून बसलेली असतात," सर म्हणाले. "ती तापवून कळत नाहीत. आपली त्यातलीच असेल."

"मग?"

"मग शेपटी."

शेपटी हे मॅडमचं काम. वयानं शेकोटीची मुलगी शोभावी अशी ती बाई, केस वर बांधून दिवसभर काचेच्या नळ्यांमागे उभी असायची. गोळीच्या कणाला ती एक बारीक शेपटी जोडायची. शेपटीत दोन करामती: एका ठराविक दिव्याचा उजेड पडला की शेजारी जो कुणी असेल त्याला ती कायमची मिठी मारायची, आणि तिच्या टोकाला नंतर गळ अडकवता यायचा. म्हणजे शेपटीवाली गोळी पेशीत सोडायची, ती आपल्या जागी जाऊन बसली की दिवा लावायचा, मिठी पक्की झाली की पेशी फोडायच्या आणि गळ टाकून ओढायचं. मिठीत जो सापडेल तो चोर.

अडचण एकच. शेपटी लावलेली गोळी म्हणजे ती गोळी राहत नाही. मॅडमनी पहिली शेपटी डावीकडे लावली. पेशी आखडल्या त्या सुटल्याच नाहीत. दुसरी उजवीकडे लावली; तेच. तिसरीनं पेशी मेल्या.

"बिनशेपटीची दिसत नाही, आणि शेपटीवाली चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला तर वाटतं हिला सापडायचंच नाहीये."

शेकोटीला वाटलं, दिसणं आणि असणं यातलं एकच काहीतरी तिच्या नशिबी आहे.

घरी ताईनं परस्पर उपाय सुरू केला होता. ती गोळी दिवसाआड घ्यायला लागली. उरलेल्या एका डब्यात टाकायची, बटणांच्या डब्याशेजारी. त्याला ते एका सकाळी कळलं. ती ओट्यापाशी उभी होती, हातात चमचा, आणि चमचा खाली ठेवता येत नव्हता.

"घेतली नाहीस आज?"

"आज सुट्टी. तिला पण, मला पण."

"ताई, असं चालत नाही."

"मग चालतं करून दे की. एवढा शास्त्रज्ञ भाऊ आहे."

"मी शास्त्रज्ञ नाही. मी पेशींना जेवू घालतो."

"तेच म्हणते मी, बारक्या. त्यांना घालतोस, मला चहा तरी घाल. आणि हा चमचा सोडव आधी."

त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली. ती त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे.

चौथी शेपटी लागली. अगदी आखूड, गोळीच्या पाठीमागे. पेशींना ती दिली आणि त्या सैल पडल्या. पूर्ण नाही, पण पडल्या. शेकोटीनं मॅडमना हाक मारली, मॅडमनी सरांना, आणि तिघं एका सूक्ष्मदर्शकापाशी पाळीपाळीनं वाकले.

दिवा लावला. गळ टाकला. जे ओढून आलं ते नीट धुऊन जेलीच्या पातळ चादरीवर वेगवेगळं पसरवलं, आणि तिथे एक ठळक काळी पट्टी उमटली. आजूबाजूला फिकट पट्ट्या होत्या, पण त्या नेहमीच्याच. काही प्रथिनं कुठलीही शेपटी दिसली की लगट करतात. ठळक पट्टी मात्र नवी होती.

आता रुमाल टाकायचा होता. हा शब्द तिथे कुणी आणला ते आठवत नाही, पण सगळे तोच वापरत. गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. आधी पेशीत बिनशेपटीची साधी गोळी भरपूर सोडायची. ती आपल्या खऱ्या जागा अडवून बसेल. मग शेपटीवाली पाठवायची. जागा भरलेली असेल तर शेपटीवालीला बसायला मिळणार नाही, आणि पट्टी पुसली जाईल. पुसली गेली तर समजायचं, हीच ती जागा. नाही गेली तर ती शेपटीची भानगड, गोळीचा संबंध नाही.

शेकोटीनं रुमाल टाकला. पट्टी पुसली गेली. इतकी स्वच्छ चादर त्यानं आजवर पाहिली नव्हती; कडेच्या फिकट पट्ट्याही जवळपास गेल्या होत्या. त्याला वाटलं, आज आपलं धुणं छान झालंय. तो धुण्याच्या बाबतीत जरा अभिमानी होता.

सरांनी दोनदा चष्मा पुसला. "चिकटलं," ते म्हणाले. त्यांनी कंपनीला फोन केला तेव्हा दार लावून घेतलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. मॅडम शेकोटीला म्हणाल्या, "दादा, आज घरी लवकर जा."

तो गेला. ताई एका पॅन्टची घडी उसवत होती.

"सापडली," तो म्हणाला.

"काय?"

"जागा. तुझी गोळी जिथे बसते ती."

ताईनं पॅन्ट मांडीवर ठेवली. "म्हणजे बंद नाही होणार?"

"सर म्हणाले, आता चालू ठेवतील. नवी येईपर्यंत."

ती उठली, बटणांच्या डब्याशेजारचा डबा उघडला आणि एक गोळी पाण्याबरोबर घेतली. त्या दिवशी तिची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशीही घेतली, तिसऱ्या दिवशीही. डब्यातल्या आधी संपवू, म्हणाली, जुन्या आहेत. औषधाच्या दुकानात गोळी आधीच मागेल तेवढी मिळत नव्हती, पण आता येईल, असं दोघांनी धरलं. तिचे हात पाण्यासारखे चालायला लागले. एका शाळेच्या वाद्यवृंदाचे मास्तर कित्येक दिवस तिच्या मागे होते, सगळ्या मुलांना कोट शिवून द्या म्हणून. ती टाळत होती. आता तिनं हो म्हटलं आणि गडद निळ्या कापडाचा अख्खा तागा घरात येऊन पडला.

"मुलांची मापं घ्यायला शाळेत बोलावलंय मला," ती म्हणाली. "शाळेत. लहानपणी जायला मिळालं नाही ते आता जाते."

शेकोटी हसला. पुष्कळ दिवसांनी तो बाहेरच्या खोलीत तिच्यासमोर नुसताच बसून राहिला.

मॅडमनी ती चादर पुन्हा कशासाठी काढली, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. कंपनीला चित्र पाठवायचं होतं, त्यासाठी असेल. त्या चादर उजेडाला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "रुमाल आपण एका खुर्चीवर टाकला."

"हो."

"मग बाकीच्या खुर्च्या कशा रिकाम्या झाल्या?"

त्या कडेच्या फिकट पट्ट्यांकडे बोट दाखवत होत्या. त्या लगट करणाऱ्या पट्ट्या. त्यांचा गोळीशी काही संबंध नव्हता, त्यांनी रुमालाला भीक घालायचं कारण नव्हतं. त्या जायला नको होत्या.

"मी धुतलं नीट," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की हे उत्तर नाही.

मॅडमनी साध्या गोळीचं पाणी ठेवलेली बाटली उचलली. भरपूर गोळी घातलेलं पाणी, चांगलं पिवळं. त्या ते हलवत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. "दिवा निळसर आहे," त्या म्हणाल्या, जणू स्वतःशीच. "आणि हे पिवळं आहे. हे उजेड खातंय. जागा अडली म्हणून पट्टी गेली नाही. अंधार झाला म्हणून गेली असेल."

"असेल," शेकोटी म्हणाला.

"असेलच असं नाही."

"नाही."

खात्री करायची रीत त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ठरवली. पेशींना फक्त शेपटीवाली गोळी द्यायची. साधी गोळी पेशींना लावायचीच नाही. तिचं पिवळं पाणी वेगळ्या काचेच्या बशीत भरून ती बशी वर छपरासारखी ठेवायची, दिवा आणि पेशी यांच्या मधे. साधी गोळी पेशीला शिवलीच नाही, तर ती जागा अडवू शकणार नाही. तरीही पट्टी गेली, तर ती उजेड अडल्यामुळेच गेली. आणि मग आपण जे धरलं ते गोळीचं, असं म्हणायला आधारच उरत नाही; ते शेपटीचंही असेल.

"तुम्ही करता का मी करू?" मॅडमनी विचारलं.

"पेशी माझ्या आहेत," तो म्हणाला.

त्यानं केलं. बशी वर ठेवली, दिवा लावला, वेळ लावली. अर्ध्यात मॅडमना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. खोलीत तो आणि दिव्याची घरघर. पिवळ्या बशीतून उजेड मधासारखा होऊन खाली झिरपत होता. त्याला माहीत होतं की दिवा थोडा जास्त वेळ चालू ठेवला तर पिवळ्यातूनही पुरेसा उजेड खाली पोचेल. पट्टी उमटेल. मग मॅडम म्हणतील, उजेडाचा प्रश्न नव्हता, जागा खरी आहे. सर चष्मा पुसतील. गोळी एक वर्ष तरी चालेल, कदाचित दोन. कुणाला कळणार नाही. कळलं तरी उशिरा. त्या दोन माणसांची यकृतं त्याच्या मनात आली, पण खरं सांगायचं तर ती थांबली नाहीत. ताई शाळेत मापं घेताना दिसत राहिली.

घंटी वाजली आणि त्याच्या हातानं दिवा बंद केला.

त्यानं ठरवून केला असं म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांत घंटी वाजल्यावर हात बटणाकडे जायचा, तसा गेला. त्यानं हाताकडे पाहिलं. ज्याच्यावर सगळ्यांत जास्त हक्क असायला हवा त्यानंच त्याला विचारलं नव्हतं.

चादर आली. पट्टी नव्हती. आतासुद्धा ती स्वच्छ होती.

सरांनी या वेळी दार लावून फोन केला. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता आणि ते तो घालायचं विसरले होते. "ते म्हणाले, प्रामाणिकपणाबद्दल आभार," त्यांनी सांगितलं. मग पुढचं सांगायला ते शेकोटीसमोर येऊन बसले. पाचव्या शेपटीसाठी कंपनीकडे धीर उरला नव्हता. ठरल्याप्रमाणे गोळी बंद होणार. दुकानात आहे तेवढी आहे. पेशीही आता वाढवायच्या नाहीत.

"मी बोललो त्यांच्याशी," सर म्हणाले. "तुमचं नाव न घेता बोललो. घेऊनही बोललो असतो, पण..."

"नाही सर. बरोबर केलंत."

"काय बरोबर," सर म्हणाले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तो मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. त्या काचेची भांडी धूत होत्या.

"तुम्ही शेपटी जोडता," तो म्हणाला, "म्हणजे आधी गोळीही बनवावी लागत असेल."

मॅडमनी नळ बंद केला.

"बनवता येते ना?"

"येते, दादा."

"मग?"

"मी बनवते ती पेशींसाठी. त्यात काय काय राहून जातं ते मला सगळं माहीत नाही. पेशीला चालतं, ती दोन दिवसांत मरणारच असते. त्या माणसांची यकृतं गोळीनंच गेली की तिच्यातल्या एखाद्या कचऱ्यानं, हे तरी कुठे कळलंय. मी बनवलेलं मी माझ्या आईला देणार नाही. तुमच्या ताईंना कसं देऊ?"

"तिला ते चालेल म्हणाली तर?"

"त्या म्हणतीलच. म्हणून तर तुम्ही विचारू नका त्यांना." मॅडमचा आवाज फाटला. "मलाही परत विचारू नका. दुसऱ्यांदा विचारलंत तर मी बनवीन, आणि मग आपण दोघं काय करू?"

त्यानं मान हलवली. मग तिथलं फडकं उचलून तो धुतलेली भांडी पुसू लागला, कारण लगेच निघून जाणं बरं दिसलं नसतं. दोघांनी मिळून सगळी भांडी पुसली. त्यानं परत विचारलं नाही.

घरी बाहेरच्या खोलीत निळा तागा टेबलावर उघडा होता. ताई खडूनं खुणा करायच्या तयारीत होती.

"ताई, खडू ठेव," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि खडू ठेवला. तो सहज सुटला, तिच्या बोटांतून.

त्यानं सगळं सांगितलं. दिवा, पिवळं पाणी, बशी. ती लक्ष देऊन ऐकत होती, गिऱ्हाईक तक्रार घेऊन आल्यावर ऐकायची तशी.

"म्हणजे गोळी चिकटत नाही?"

"चिकटते. कशाला ते कळलं नाही. आम्ही धरलं ते तेच, असं आता म्हणता येत नाही."

"मला कळून काय करायचंय? माझी बोटं उघडतात ना?"

"तुझी उघडतात. पण दुसऱ्या कुणाची यकृतं..."

"ते मला समजतं रे," ती म्हणाली. "मी काय वेडी आहे का. त्यांच्याही घरी कुणी होतंच असेल." ती कापडावरून तळहात फिरवत राहिली. "चूक कुणाची झाली? तुझी?"

"माझी पण. सगळ्यांचीच. चित्र फार छान आलं होतं."

"बरं." मग म्हणाली, "डबा रिकामा केला मी. तू 'सापडली' म्हणालास म्हणून."

माफ कर म्हणावं तर ते फार लहान होतं, आणि त्याहून मोठा शब्द त्याच्याकडे नव्हता.

"अर्धी अर्धी करून घे आता," तो म्हणाला. "दुकानातून मिळेल तेवढी आणतो मी. पुरव."

"नाही. आता अर्धीमुर्धी काही नको. आहेत तोवर पूर्ण घेणार. घेतलेली कामं पुरी करून देते, नवीन नको." तिनं तागा गुंडाळायला घेतला. "याला कात्री लावली नाही ते एक बरं. चल, दुसरं टोक धर."

दोघांनी तागा गुंडाळला. ती सरळ गुंडाळत होती. त्याच्या बाजूनं वाकडा होत होता आणि ती परत परत उलगडायला लावत होती.

दुकानांतून जे मिळालं ते मिळालं, आणि ते संपलं. मधल्या दिवसांत ताईनं बाकीचे कपडे शिवून ज्याचे त्याला दिले. तागा मात्र तसाच राहिला. मास्तर गावाला गेले होते. ते परत आल्याचं कळलं तेव्हा ताईच्या बोटांना पहिल्यासारखं व्हायला सुरुवात झाली होती. शेकोटी म्हणाला, मी एकटा देऊन येतो. ती म्हणाली, "माझं काम आहे, मी परत करते. तू उचल."

शाळेच्या वरच्या मजल्यावर मास्तर वाद्यांवरची धूळ झटकत होते.

"कापड परत आणलंय," ताई म्हणाली. दोन्ही हात तिनं स्वेटरच्या खिशात ठेवले होते.

"का हो? पसंत नाही पडलं?"

"कापड छान आहे, मास्तर. पण सध्या माझे हात मोकळे नाहीत."

मास्तरांनी समजल्यासारखी मान डोलावली. "चांगलं आहे की. एवढं काम आजकाल मिळतं कुणाला. पण पुढच्या वर्षी मात्र आम्हाला आधी धरा."

"धरीन की," ताई म्हणाली. "धरायला मला काहीच अडचण नाही."

मास्तर हसले. ताईही हसली. शेकोटी तागा ठेवून मागे उभा होता. त्यानं तोंड उघडलं, पण ताईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते परत मिटलं.

"भाऊ मदत करतात वाटतं?" मास्तरांनी विचारलं.

"करतो. ओझं उचलतो," ताई म्हणाली.

निघताना जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तिचा पाय जरा अडखळला आणि तिनं खिशातून हात काढून कठडा धरला. मग तो सुटेना. शेकोटी एक पायरी खाली उतरला होता, तो तसाच वळून उभा राहिला. त्यानं हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "सुटेल त्याचा तो."

खालून मुलांचा लोंढा वर यायला लागला, दप्तरं कठड्यावर आपटत. "बाजूला व्हा ना जरा," कुणीतरी म्हणालं. शेकोटी भिंतीला टेकून अंग चोरून उभा राहिला. ताईला बाजूला होता येत नव्हतं. मुलं तिच्या हाताखालून वाकून, एकामागून एक, वर जात राहिली, आणि दोघं तिथे थांबली.